गवताचा कस

भात घरात आलं की आई रस्त्याकडे कान लावून असायची. मळणी उरकलेली, पिंजराची गंजी रचून झालेली, शेतात नुसती धसकटं. मग मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी नेसरीच्या बाजूनं धुळीचा लोट उठायचा, गावातली कुत्री भुंकायला लागायची, आणि हातातलं काम टाकून आई म्हणायची, "बकरी आली." आमच्याकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात. चिकोडी-रायबागकडून निघालेला मेंढपाळ मामांचा वाडा संकेश्वर, गडहिंग्लज करत दरवर्षी चंदगडच्या आमच्या कर्यात भागात उतरायचा. पुढं तट्टू, त्याच्या पाठीवरच्या झोळीत वाटेत जन्मलेली कोकरं, मागं दोन-अडीचशे काळी दख्खनी मेंढरं. रात्री वाघर लावून ती आमच्या शेतात बसायची, आणि त्याबद्दल आई मामांना पायलीनं भात मोजून द्यायची.

चौथी-पाचवीत असताना मी मामांना विचारलं होतं, की आषाढ-श्रावणात आमचे डोंगर हिरवेगार असतात, गवत कमरेला लागतं, तेव्हा तुम्ही फिरकत नाही आणि सगळं वाळल्यावर कसे येता? मामा वाघरीची तुटलेली गाठ बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "हिरवं दिसतंय म्हणून कस असतुय व्हय पोरी? तुमच्या पावसातलं गवात म्हंजी निस्तं पाणी. पाणी खाऊन बकरं जगतंय काय?"

पुढं मी रसायनशास्त्र शिकले, तेच शिकवण्यात आयुष्य गेलं. पण 'कस' हा शब्द मामांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा जे कुतूहल जागं झालं, ते आजवर शमलेलं नाही. डोंगर तोच, गवत तेच, मुळं तीच. आणि तरी त्याच गवतातलं मोल महिन्या-महिन्याला बदलत जातं. मेंढपाळाचं सगळं चालणं त्या बदलाच्या मागावर असतं.

गवताचं वर्ष मृगात सुरू होतं असं आपण म्हणतो. मेंढराच्या लेखी ते वळवातच सुरू होतं. चैत्र-वैशाखात दुपारी ढग भरून येतात, अर्धा तास झोडपून जातात, आणि चार दिवसांत करपलेल्या बांधावर तांबूस-पोपटी कोंब दिसू लागतात. त्यातलं पाणी बाजूला काढून हिशेब केला तर शंभरात १०-१२ भाग, कधी त्याहूनही जास्त प्रथिनं त्या कोंबात निघतात. पण कोंब असतो बोटाच्या पेराएवढा. त्याचा वास लागला की मेंढरू वाळकं गवत सोडून हिरव्यामागं पळत सुटतं. दिवसभर पायपीट होते, तोंडात येतं चिमूटभर. वळवानंतरच्या पंधरा दिवसांना मामा फार भ्यायचे. "बकरं हिरव्याला भुलतंय आन् हाडाला लागतंय," म्हणायचे.

मग मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आता गवत भरपूर असतं, कोवळं असतं, प्रथिनंही चांगली असतात. अडचण मामांनी सांगितली तीच, पाण्याची. तीस किलोच्या दख्खनी मेंढीच्या पोटात रोज साधारण एक किलो सुका भाग जायला हवा. कोवळ्या गवतात शंभरात ८० ते ८५ भाग पाणीच असतं. म्हणजे त्या एका किलोसाठी तिनं पाच ते सात किलो गवत चरायचं, आणि तेही भिजून जड झालेली लोकर अंगावर घेऊन, चिखलात खुरं रुतवत. चंदगडच्या पश्चिमेला, हेरे-पारगड-तिलारीच्या अंगाला, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथं मेंढीची खुरं कुजतात, पोटात जंत माजतात, पाणथळ जागच्या गोगलगायींमुळे चपटे कृमी यकृतात शिरतात आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते. धट्टंकट्टं मेंढरू कोवळ्या चाऱ्यावर एकदम तुटून पडलं तर आंत्रविषारानं एका रात्रीत मरतं. त्याची लस पावसाच्या तोंडावर टोचून घेतात ती याचसाठी.

आमच्या डोंगरातले गवळी धनगर मेंढरं पाळत नाहीत, म्हशी पाळतात, याचंही मूळ इथंच आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी धनगरांच्या जगण्यावर आणि त्यांच्या परिसरावर एक निबंध लिहिला. तो हाती आला तेव्हा मला माथ्यावरचे धनगरवाडे आठवले. धो धो पावसात म्हैस खुशाल उभी राहते, मेंढी राहू शकत नाही. एका धनगर नावाखाली दोन निराळी जगणी झाली, त्यांतली एक पावसात थांबते आणि दुसरी पाऊस चुकवत चालते.

मघा-पूर्वा ओलांडल्या की गवताला फुलोरा यायला लागतो. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळी. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, तरी आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं सगळी निसवतात. निम्मं गवत फुलावर आलेलं असतं तेव्हा कापून वाळवावं, असं चाऱ्याचं शास्त्र सांगतं. त्या वेळी गवत भरपूर झालेलं असतं आणि कसही अजून टिकून असतो. आईला हे कुणी सांगायला नको होतं. भाद्रपदात बांधावर उभी राहून ती गवताचं कणीस बोटात चुरडायची आणि आभाळाकडे बघायची. पण आमच्याकडे भाद्रपदात ऊन कुठलं? कापलेलं गवत पसरावं तर दुसऱ्या दिवशी काळं पडून कुबट वास सोडणार. हस्त बरसून जातो, चित्रा जाते, आणि खणखणीत ऊन पडतं तोवर कार्तिक उजाडलेला असतो. मग बायका विळे घेऊन डोंगराला जातात. भारे येतात, गंजी उभी राहते, गंजीला वास येतो तो गवताचा नसून वाळल्या काडीचा असतो. ज्या दिवसांत गवतात कस होता ते दिवस पावसानं नेले, आणि पावसानं गवत आपल्या हाती दिलं तेव्हा कस उतरलेला होता. चंदगडच्या शेतकरणीचं हे दुखणं फार जुनं आहे. मला ते नुसतं हवामानाचं कधीच वाटलं नाही. आईचा तो आभाळाकडे बघणारा चेहरा आठवला की आजही जीव तुटतो.

'कस उतरला' असं आपण सहज म्हणतो. पण तो उतरतो म्हणजे जातो कुठं? याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी एका वैशाखात मिळालं. मामांनी बांधावरचा मारवेलीचा एक वाळका ठोंब खुरप्यानं मुळासकट उपटला. वरच्या काड्या हातात चुरगळल्या तर भुसा झाला. मग त्यांनी ठोंबाचा बुडखा मधोमध चिरला आणि माझ्यापुढं धरला. आत हिरवट-पांढरा, ओला, करंगळीच्या नखाएवढा भाग होता. "ह्यो बघ कस. खाली जाऊन निजलाय." ज्या वर्षी मी शिकवायला लागले त्या वर्षी याचा खुलासा वाचला. बी धरू लागलं की बारमाही गवत आपल्या पानांतलं नत्र काढून घेतं. थोडं दाण्यात भरतं, बाकीचं बुडख्यात आणि मुळांत नेऊन ठेवतं. पानाचा हिरवा रंग जातो तो या आवराआवरीमुळे. पेशींच्या भिंतींत लिग्निन हे काष्ठद्रव्य भरत जातं, काडी कडक होते. कोवळेपणी शंभरातले ६५-७० भाग पचणारं गवत माघात चाळीसवर येतं. प्रथिनं तीन-चार भागांवर, स्फुरद अगदी कमी, आणि ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होतं ते कॅरोटीन उन्हानं जवळजवळ नाहीसं केलेलं. गवताच्या बाजूनं पाहिलं तर यात नुकसान काहीच नाही. वळवाचा कोंब फुटतो तो या जपून ठेवलेल्या पुंजीवरच. गवतानं आपलं सामान आपल्या घरात नेऊन ठेवलेलं असतं, आणि आपण त्याच्या रिकाम्या ओसरीला विळा लावतो.

अशा गवतावर मेंढरू भरल्या पोटी उपाशी राहतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण असंच होतं. मेंढीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अगणित सूक्ष्मजीव असतात. गवत पचवायचं काम त्यांचं, आणि त्या कामासाठी त्यांना नत्र लागतं. चाऱ्यात प्रथिनं शंभरात सातच्या खाली गेली की सूक्ष्मजीवांची उपासमार सुरू होते. ते मंदावले की काडी कप्प्यात पडून राहते, पोट गच्च राहतं, मेंढी आणखी खातच नाही. समोर गवताचा डोंगर आणि कणा हाताला लागतोय, असं दृश्य दिसतं. मेंढीचं शरीर यावरही आपल्या परीनं मार्ग काढतं. एरवी लघवीवाटे जाणाऱ्या युरियाचा काही भाग रक्तातून लाळेत येतो, लाळेबरोबर पुन्हा पोटात जातो आणि त्या सूक्ष्मजीवांना पोसतो. टंचाईच्या दिवसांत मेंढी आपलं नत्र असं फिरवून फिरवून वापरते. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा दरवेळी माझ्या डोळ्यांपुढं माघातली, मान खाली घालून रवंथ करणारी मामांची मेंढरं उभी राहायची.

गवतातली प्रथिनं मोजायची आमची प्रयोगशाळेतली रीत योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाची. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत त्यानं ती बियरच्या धान्यासाठी शोधली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातलं नत्र मोजायचं आणि आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणायचं. मी आयुष्यभर ती पद्धत शिकवली, तिच्याबद्दल मला आदर आहे. मामांची रीत दुसरी होती. संध्याकाळी वाघरीत शिरणाऱ्या मेंढराच्या कमरेवर ते हात ठेवायचे, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि मणक्याची टोकं किती टोचतात ते बघायचे. मग लेंडी उचलून चिमटीत दाबायचे. उद्या कळप कुठल्या अंगाला न्यायचा ते त्यावर ठरायचं. १९६१ साली ऑस्ट्रेलियात कमरेचा कणा चाचपून मेंढीच्या प्रकृतीला शून्य ते पाच गुण देण्याची पद्धत शास्त्रानं मांडली, तीच आज जगभर शिकवतात. मामांनी गुण कधी दिले नाहीत. हात मात्र तिथंच ठेवला.

लोकरीतही ही सगळी कहाणी उमटते. कसाच्या दिवसांत वाढलेला केस जाड असतो, उपासाच्या दिवसांतला बारीक. फार ओढ झाली तर केसावर नेमका त्या महिन्यांचा कच्चा भाग राहतो आणि पिंजताना तो तिथंच तुटतो.

आता पुन्हा माझ्या लहानपणच्या प्रश्नाकडे येते. वाळल्यावर का येता? एक उत्तर आमच्या शेतांत होतं. डोंगराचा कस कार्तिकात संपतो, शेताचा संपत नाही. भाताच्या धसकटांना ओलीवर फुटवे येतात. मसूर-हरभऱ्याच्या कडेनं कोवळं तण असतं. बांधावर हरळी आणि कुंदा, फडात उसाचं वाडं, शिवारात उंबर, वड, पिंपळ. झाडांची मुळं खोल ओलीत असल्यानं त्यांचा पाला चैत्रातही कसदार राहतो, आणि मामांच्या खांद्यावरची आकडी त्याच्यासाठीच असायची. यात वेळेचं गणित फार सुंदर आहे. आषाढाच्या नव्या चाऱ्यावर अंग धरलेल्या मेंढ्या माजावर येतात, पाच महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात वितात, आणि कोकराला दूध हवं असतं नेमक्या त्या दिवसांत त्या आमच्या धसकटांवर पोचलेल्या असतात. हे गणित कुणी कागदावर मांडलं नव्हतं. किती पिढ्या चालल्या असतील तेव्हा ते पायांत बसलं असेल!

दुसरं उत्तर मातीत आहे. दक्षिण आफ्रिकेतले शेतकरी कुरणांचे दोन प्रकार मानतात, गोड आणि आंबट. जास्त पावसाच्या, धुपून आम्ल झालेल्या मातीत आंबट कुरण. तिथं गवत उंच वाढतं, पावसाळ्यात जनावर ते आवडीनं खातं, पण पाऊस संपला की तोंड लावत नाही. कमी पावसाच्या मातीत गोड कुरण. तिथं गवत तोकडं, पण पाऊस अचानक थांबल्यामुळे ते म्हातारं व्हायच्या आत उभ्याउभ्याच वाळतं आणि कस काडीतच राहून जातो. तिथले पठारावरचे मेंढपाळ हिवाळा आला की कळप घेऊन खालच्या गोड कुरणाकडे उतरायचे. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमचा चंदगड म्हणजे आंबट कुरण! जांभ्याच्या सड्यावरनं चुना, पालाश सगळं पावसाबरोबर ओढ्याला जातं, उरलेल्या स्फुरदाला जांभ्यातलं लोह धरून बसतं. आणि चिकोडी-रायबागचा, त्याच्या पुढचा जत-माडग्याळचा मुलूख म्हणजे गोड कुरण. जतला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्या पश्चिम भागाच्या सहाव्या हिश्श्याएवढा, आणि माडग्याळ ही मेंढरांची नामांकित जात तिकडचीच. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवतांचं जे वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात दख्खनचा हा सगळा प्रदेश शेडा-मारवेलीच्या एकाच पट्ट्यात येतो. नकाशावर एक रंग. त्या एका रंगातली गोडी आणि आंबटपणा मामा पायानं ओळखायचे. पावसाळा गोड कुरणात काढायचा, ते चरून संपलं की पश्चिमेला यायचं, आणि वळवाचे दोन-तीन दणके बसले की मृगाच्या आत परत फिरायचं.

कुसळीबद्दल थोडं सांगायला हवं. फुलोऱ्याआधी ती बरा चारा असते. बी झालं की तिच्या काळ्या कुसांना हवेतल्या ओलीनं पीळ बसतो आणि सुटतो, आणि त्या पिळानं बी स्क्रूसारखं लोकरीतून कातडीत शिरतं. कोकरांच्या तोंडात, डोळ्यांत रुतलेली कुसळं मामी दिवेलागणीला काढत बसायच्या. डोंगराला वणवा लावला की हीच कुसळी बळावते, मारवेल आणि पवन्या मागं हटतात. फाल्गुनात आमच्याकडे रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसतात. राखेतून लवकर हिरवं फुटतं म्हणून काही लोक मुद्दाम पेटवतात. हिरवं फुटतं हे खरं, पण काडीतलं उरलंसुरलं नत्र धुरावाटे आभाळात जातं, आणि त्या मूठभर कोंबासाठी पुढच्या कित्येक वर्षांचं चांगलं गवत गमावलेलं असतं. मला वणव्याचा संताप येतो. तो लावणाऱ्याच्या गोठ्यातही जनावरं उपाशी असतात हे माहीत असूनही येतो.

आणि आता वाटाच बंद होत चालल्या आहेत. डोंगरउतारावर काजूच्या बागा झाल्या, त्यांना तारेची कुंपणं आली. काजूनं आमच्या तालुक्यात पैसा आणला, चुली पेटत्या ठेवल्या, त्याला मी वाईट म्हणणार नाही. खाली भाताच्या जागी ऊस आला, उसाला बारा महिने पाणी, मग तळ बसायचा कुठं? गायरानात रानमोडी माजली आहे, तिला मेंढरू तोंड लावत नाही. चांगलं गवत लावता येतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलीचे सुधारित वाण दिले आहेत, गवताबरोबर स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरला तर चाऱ्यात प्रथिनं वाढतात. पण ते लावणाऱ्याला जमीन लागते, आणि मामांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. त्यांच्याकडे होती ती वाट. आमच्या पावसात गवताचा कस साठवता येत नाही, गंजीत घालून ठेवता येत नाही, मेंढराच्या पायावरच तो एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाऊ शकतो. वाटेवर कुंपण पडलं की तेवढा कस डोंगरावरच वाळून, कुजून जातो.

मामा आता चालत नाहीत. त्यांचा मुलगा येतो, सत्तर-ऐंशी मेंढरं घेऊन, कधी येतो कधी नाही. गेल्या माघात आला. आमच्या दोन एकरांपैकी खालच्या वाफ्यांत त्यानं पाच रात्री तळ ठेवला, रोज वाघर उपटून पुढं सरकवत. जाताना आईच्या पाया पडला. आईचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे, तिनं स्वतः पायली हातात घेऊन भात मोजलं आणि वर एक ओंजळ टाकली.

वैशाखात आम्ही धूळवाफेवर भात पेरलं. मृग वेळेवर लागला. आर्द्रा निघाल्यावर आईला काठी धरून बांधावर नेलं. भात वीतभर झालं होतं, सगळीकडे फिकं पोपटी, आणि खालच्या वाफ्यांत एकाला एक लागून पाच चौकोन काळसर हिरवे. पश्चिमेचा डोंगर ढगात बुडाला होता. आईनं काठीनं पहिला चौकोन दाखवला, मग दुसरा. तिसऱ्यापाशी थांबून म्हणाली, "ह्या रातीला पाऊस शिंपडला हुता, आठवतंय? बकरी एका कोपऱ्याला दाटून बसली हुती." मी नीट पाहिलं. त्या चौकोनाचा एक कोपरा बाकीच्यापेक्षा गडद होता.